पिस्तूल रात्री कुठे ठेवशील?

पत्र

ताई, आम्ही ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर गॅस स्टेशन आणि त्याला लागून छोटं दुकान चालवतो. आठवड्यातले चार दिवस रात्री अकराला दुकान मीच बंद करते. गेल्या महिन्यात शेजारच्या दुकानात बंदूक दाखवून लूट झाली, तेव्हापासून झोप उडाली आहे. मी गेल्या वर्षी सिटिझन झाले, नवऱ्याचं ग्रीन कार्ड आहे. नेमबाजीच्या रेंजवर दोन पिस्तुलं भाड्याने घेऊन चालवून बघितली, ग्लॉक ४३एक्स आणि सिग पी३६५. ग्लॉकच्या दहापैकी नऊ गोळ्या कागदी प्लेटवर बसल्या, सिगच्या सहा. पण सिग इतकं छोटं आहे की कुर्त्याखाली कळतसुद्धा नाही. माझी बोटं आखूड आहेत, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढताना दमछाक होते. नवरा म्हणतो, सिग आपोआप उडतं असं ऐकलंय. विकणारा म्हणाला, बायकांसाठी सिगच बरं, पर्समध्ये टाकायचं नि विसरून जायचं. बजेट सातशे डॉलर. घरात नऊ वर्षांचा मुलगा, चौदाची मुलगी, आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या आहेत. कुठलं घेऊ?

उत्तर

ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले. ‘पर्समध्ये टाकायचं नि विसरून जायचं.’ ग्लॉक की सिग याचं उत्तर मी देणार आहे आणि स्पष्ट देणार आहे, पण आधी हे वाक्य मनातून काढून टाकू.

३० डिसेंबर २०१४ ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एक २९ वर्षांची आई मुलांना घेऊन वॉलमार्टमध्ये गेली होती. तिच्याकडे परवाना होता. पर्ससुद्धा साधी नव्हती, खास पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली होती, नवऱ्याने नाताळची भेट म्हणून दिलेली. दोन वर्षांचा मुलगा शॉपिंग कार्टमध्ये बसला होता आणि पर्स त्याच्या हाताशी होती. त्याने कप्प्यातून पिस्तूल काढलं, गोळी सुटली, आणि आई जागच्या जागी गेली. ती निष्काळजी बाई नव्हती, तिला बंदुकीची सवय होती. पर्स ही वस्तूच अशी आहे की ती अंगापासून वेगळी होते. आपण ती कार्टमध्ये ठेवतो, खुर्चीला अडकवतो, ‘जरा धर गं’ म्हणून मुलीकडे देतो. तुझा नऊ वर्षांचा मुलगा च्युइंगगमसाठी तुझ्या पर्समध्ये हात घालत नाही असं तू छातीठोकपणे सांगू शकशील का? आणि चोर पहिल्यांदा हिसकावतो तीही पर्सच.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी एका नातेवाइकांकडे जेवायला गेले होते, पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, कमरेला. बाथरूममध्ये गेल्यावर ते काढून फ्लशच्या टाकीच्या झाकणावर ठेवलं, हात धुतले, साडेतीनशे पाहुण्यांच्या गप्पा चालल्यासारख्या त्या गोंगाटात बाहेर येऊन बसले. ताटात वरणभात वाढून झाला, तूप घ्यायला हात पुढे केला तेव्हा कंबर हलकी लागली. धावत गेले. पांढऱ्या झाकणावर ते काळं पिस्तूल तसंच होतं. दाराबाहेर त्यांची सहा वर्षांची नात दोन पाय एकमेकांवर टाकून उभी होती, आत कोणी आहे का म्हणून विचारत. तीन-चार मिनिटांची गोष्ट. त्या दिवसापासून बाथरूममध्ये होल्स्टर माझ्या शरीरावरून उतरत नाही. पँट खाली गेली तरी पिस्तूल होल्स्टरसकट पँटमध्येच, पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर राहतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्याच तासाला सांगते, कारण ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

म्हणून पिस्तूल निवडण्याआधी दोन जागा निवड. एक, ते अंगावर असेल तेव्हा कुठे असेल. दुसरी, ते अंगावर नसेल तेव्हा कुठे असेल. दिवसाचे चोवीस तास धरले तर तुझ्या बाबतीत अठरा-एकोणीस तास दुसऱ्या जागेचे आहेत, आणि त्या तासांत घरात दोन मुलं आहेत.

दुसरी जागा म्हणजे पलंगाशेजारी किंवा कपाटात स्क्रूने पक्की बसवलेली छोटी तिजोरी. बटणं दाबून उघडणारी घे. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या असतात, पण पोळ्या लाटून पिठाळलेल्या किंवा ओल्या बोटाला त्या दगा देतात, त्यामुळे नुसत्या ठशावर विसंबू नकोस. आकडा मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नकोस, तो त्याला पाठ आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीखाली, पिठाच्या डब्यामागे, असल्या जागा मुलांना आपल्याआधी माहीत असतात. दिवाळीच्या भेटवस्तू कुठे लपवल्यात हे ज्यांना कळतं, त्यांना हेही कळतं. आणि टेक्सासमध्ये ही नुसती शहाणपणाची गोष्ट नाही. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, आणि मुलाच्या हातून ती उडून कोणाला गंभीर इजा झाली तर तो बराच मोठा गुन्हा होतो.

आता पिस्तुलं.

दोन्ही ९ मिलिमीटरची, दोन्हींच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, दहा गोळ्या, रिकाम्या मॅगझिनसह दोन्हींचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. सिग पी३६५ जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्या बसवून त्याने सगळा बाजार हलवला. ४३एक्स त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०१९ मध्ये आलं. नळीत फार फरक नाही, ग्लॉकची ८७ मिलिमीटर, सिगची ७९. खरा फरक मुठीत आहे. ग्लॉकची उंची १२८ मिलिमीटर, सिगची साधारण १०९. हे जेमतेम दोन सेंटिमीटर म्हणजे तुझी करंगळी. सिग धरलंस तेव्हा करंगळी मुठीच्या तळाशी कडेवर आली असेल किंवा हवेत राहिली असेल. ग्लॉकला चापावरची तर्जनी सोडून तीनही बोटं पूर्ण बसली असतील.

गोळी तीच आणि वजनही जवळपास तेच, म्हणजे दोन्ही पिस्तुलं मागे सारख्याच जोराने येतात. तो जोर झेलायला एकीकडे तीन बोटं, एकीकडे दोन. पहिली गोळी दोन्हींची सारखीच जाईल. दुसऱ्या गोळीला पिस्तूल हातात किंचित फिरलेलं असतं, तिसरीला अजून थोडं, आणि आपण मूठ पुन्हा सावरायला लागतो. नऊ आणि सहा हा फरक तिथून आला आहे. रेंजवर, उजेडात, कानावर मफ्स लावून, कोणी घाई करत नसताना सहा. रात्री अकरा वाजता, हात थरथरत असताना त्या सहाचे किती उरतील?

ज्या चार गोळ्या प्लेटवर नव्हत्या, त्या कुठे गेल्या हा प्रश्न मला जास्त छळतो. रेंजवर त्या मातीच्या बांधात गेल्या. तुझ्या दुकानाबाहेर पंप आहेत, गाडीत बसलेली माणसं आहेत.

म्हणून माझं मत ग्लॉक ४३एक्स. ते चांगलं आणि सिग वाईट असं अजिबात नाही. तुझ्या हाताने तुला उत्तर देऊन टाकलं आहे. ज्याने नेम लागतो ते घ्यायचं आणि लपवायचा प्रश्न कपड्यांनी नि होल्स्टरने सोडवायचा. उलटं करता येत नाही.

तरी सिगच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे सांगते. त्याच्यावर अंधारात चमकणाऱ्या साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, कंपनीकडूनच येतात, ग्लॉकवर साध्या प्लास्टिकच्या येतात आणि पुढेमागे बदलाव्या लागतात. अंगठ्याने चालवायचं सेफ्टीचं बटण हवं असेल तर सिगमध्ये तसा प्रकार मिळतो. आणि तिसरी गोष्ट मला खरोखर मोलाची वाटते. साफसफाईसाठी खोलताना ग्लॉकचा चाप एकदा दाबावाच लागतो, सिगचा दाबावा लागत नाही. ‘रिकामंच होतं’ म्हणत म्हणत कितीतरी लोकांनी ग्लॉक साफ करताना घरच्या भिंतींना भोकं पाडली आहेत. तू ग्लॉक घेतलंस तर हा नियम कर: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं, आणि सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून आल्यावरच चापाला हात लावायचा. दर वेळी. दमलेली असलीस तर त्या दिवशी साफ करूच नकोस.

नवऱ्याने जे ऐकलं ते बहुतेक सिगच्या पी३२० बद्दलचं आहे. चाप न ओढता ते उडालं असे अनेक दावे अमेरिकेतल्या कोर्टांत दाखल झाले आहेत, कंपनी दोष नाकारते. पण पी३२० हे वेगळं, मोठं पिस्तूल. पी३६५ ची आतली रचना निराळी आहे. पी३६५ च्या अगदी सुरुवातीच्या काही नगांमध्ये फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी कांडी) तुटण्याच्या तक्रारी होत्या, कंपनीने पुढे सुधारणा केल्या. तेव्हा सिग घ्यायचंच ठरलं तर २०१८ चं जुनं, कोणी वापरलेलं उचलू नकोस, एवढंच. ‘आपोआप उडतं’ ही भीती मात्र ग्लॉकलाही लावून बघ. ४३एक्सला बाहेरून सेफ्टीचं बटणच नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पाती असते, ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही, आणि आत आणखी दोन अडथळे आहेत. पिस्तूल खाली पडलं तर उडू नये यासाठी ते पुरेसे आहेत. पण चाप ओढला गेला की ते उडतंच, मग तो बोटाने ओढला असो, जॅकेटच्या दोरीने, की कुर्त्याच्या गोंड्याने.

कुर्त्याचे गोंडे मुद्दाम लिहिले. इथल्या पुस्तकांत जीन्स आणि जाड पट्टा गृहीत धरलेला असतो. आपले कपडे त्यात नाहीत. सलवारीच्या नाडीवर किंवा लेगिंगच्या इलॅस्टिकवर अर्ध्या किलोचं पिस्तूल टिकत नाही, पिस्तूल ओढायला गेलीस की होल्स्टरसकट सलवारच वर येते. दुकान बंद करायच्या दिवशी जीन्स किंवा पक्की पँट घाल, त्यावर खास जाड पट्टा, आणि पँटच्या आत बसणारं कडक कायडेक्स प्लास्टिकचं होल्स्टर, ज्याने चाप पूर्ण झाकला जातो. त्यावर सैलसर, गडद, छापील कुर्ता. नक्षीच्या कापडात मुठीचा उंचवटा लपतो, एकरंगी तलम कापडात दिसतो. ग्लॉकची लांब मूठ वाकल्यावर मागून डोकावते खरी, पण होल्स्टर कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे घेतलंस आणि खाली वाकण्याऐवजी गुडघ्यात बसायची सवय केलीस की ते जातं. आरशासमोर एक संध्याकाळ घालव, खालच्या फळीवरची कोकची खोकी उचलून बघ. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना कधीच घाई नको. कुर्ता डाव्या हाताने छातीपर्यंत वर धरायचा, खाली मान घालून होल्स्टरच्या तोंडात काही अडकलं नाही ना ते बघायचं, आणि मग सावकाश. ओढणी त्या दिवशी नकोच. साडीवर पिस्तूल मी स्वतः कधी लावत नाही. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये शंभर जणी मिठ्या मारणार, मुलं कमरेला लोंबकळणार. त्या दिवशी ते घरी तिजोरीत.

आखूड बोटं आणि स्लाइड. तू बहुधा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून मागे ओढतेस. जात्याचा खुंटा धरतो तशी धर. डाव्या हाताचा पूर्ण पंजा वरून स्लाइडवर, चारही बोटं एका बाजूला, तळवा दुसऱ्या बाजूला. दोन्ही कोपर छातीजवळ, नळी समोर टार्गेटकडेच, बोट चापाबाहेर. आणि डावा हात मागे ओढण्यापेक्षा उजव्या हाताने पिस्तूल झटक्यात पुढे ढकल. साठीच्या बायकांना मी हे शिकवलं आहे. चापापर्यंत तर्जनी पोचते का तेही तपासून घे: पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर टेकला पाहिजे, मूठ वळवून घ्यावी लागता कामा नये. ग्लॉकवर वळवावी लागत असेल तर माझं मत बदलेल. आणि इतकं करूनही स्लाइड ओढवत नसेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघ. २०१८ मध्ये ते .३८० या कमी जोराच्या गोळीत आलं, २०२० मध्ये ९ मिलिमीटरमध्ये. कमी ताकदीच्या हातांसाठीच बनवलं आहे. अंगाने थोडं मोठं आहे, पण चालवता येणारं मोठं पिस्तूल न चालवता येणाऱ्या छोट्यापेक्षा बरं.

सातशे डॉलरमध्ये हे सगळं बसणार नाही. पिस्तूलच पाचशेच्या आसपास जाईल. वर तिजोरी, होल्स्टर, पट्टा, सरावाच्या गोळ्या, अंगावर बाळगायच्या पोकळ टोकाच्या गोळ्या आणि वर्ग. तेव्हा या महिन्यात तिजोरी आणि वर्ग, पिस्तूल पुढच्या महिन्यात. क्रम उलटा झाला की तिजोरी राहून जाते, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

वर्ग म्हणजे परवान्याचा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, म्हणून तुला लोक सांगतील की कशाला पैसे घालवतेस. तरी परवाना काढ. फी ४० डॉलर आहे, वर्ग चार ते सहा तासांचा, आणि शेवटी पन्नास गोळ्यांची परीक्षा: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. तुला तो लागणार आहे मुलांच्या शाळेमुळे. शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याची मनाई आहे आणि राज्याचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. मुलांना सोडायला तू त्या रांगेत उभी राहत असशीलच. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी न्यायचं नाही. दाराशी ३०.०६ किंवा ३०.०५ असे बंदूकबंदीच्या कलमांचे आकडे लिहिलेली पाटी दिसली, किंवा बारच्या दारावर लाल अक्षरांत ५१% दिसलं, तर काय करायचं ते वर्गात नीट समजावून घे.

सासूबाईंचं ऐक. त्या व्हिजिटर व्हिसावर आहेत. असा तात्पुरता व्हिसा असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक ताब्यात ठेवायला बंदी आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. ‘आई, धरा जरा, सांगलीला पाठवायला फोटो काढते’ हे सुद्धा नको. तिजोरीचा आकडाही त्यांना देऊ नकोस. स्टुडंट व्हिसावरचा भाचा किंवा एच-१बी वरचा दीर आला तरी हेच. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आहे, त्याला ही बंदी नाही. त्यालाही वर्गात बसव, घरात पिस्तूल येणार तर दोघांनाही ते सुरक्षित रिकामं करता आलं पाहिजे.

आणि रेंजला जायची बॅग वेगळी ठेव. ती बॅग घेऊन भारतात कधीच जाऊ नकोस. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रे मध्ये दिसतं आणि परवाना नसताना शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा नोंदला जातो. विसरून राहिलं होतं हे खरं असलं तरी ते कोर्टात सांगत बसावं लागतं, आणि तिकडे मावशीच्या मुलीचं लग्न होऊन जातं.

दुकानाबद्दल. काउंटरखाली पिस्तूल ठेवू नकोस, तिथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा हात पोचतो. कोणी बंदूक रोखून गल्ला मागितला तर गल्ला दे. हातात बंदूक असलेल्या माणसासमोर कमरेतून पिस्तूल काढायला तुला जेवढा वेळ लागेल तेवढा तो देणार नाही, आणि त्या नोटांसाठी तुझी मुलं आईविना राहायला नकोत. पिस्तूल त्या क्षणासाठी आहे, जेव्हा पैसे देऊनही तो थांबत नाही किंवा तुला आतल्या खोलीत चल म्हणतो. बाकी कामं पिस्तुलाशिवायची: रात्री नऊनंतर गल्ल्यात मोजकी रक्कम, उरलेली वेळेचं कुलूप असलेल्या तिजोरीत, बँकेत रोख न्यायची ती दिवसा आणि रोज एकाच वेळी नाही, बंद करताना शक्य त्या दिवशी दोघं. पार्किंगमधले बंद पडलेले दिवे या आठवड्यातच बदलून घे.

येत्या शनिवारी पुन्हा रेंजवर जा. दुकानात घालतेस तेच कपडे घाल. पाच यार्डांवर कागदी प्लेट, दोन्ही पिस्तुलं, प्रत्येकी पन्नास गोळ्या. पहिल्या दहा मोजू नकोस, शेवटच्या दहा मोज, कारण तेव्हा हात दमलेला असतो. प्लेटच्या मागे पिस्तुलाचं नाव आणि तारीख लिही आणि दोन्ही प्लेटांचा फोटो मला पाठव. तर्जनी चापावर कुठे टेकते तेही जवळून काढलेल्या फोटोत दिसू दे, पण तो फोटो पिस्तूल रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून, तिथल्या शिकवणाऱ्याला समोर उभं करूनच.